दोन जोड बूट खरंच लागतात का? (आणि नडगीचं दुखणं)

टेकडीवाली
नमस्कार मंडळी.

गेली काही वर्षं पळतेय. वेगाचं विचारू नका, हाफ मॅरेथॉन (२१ किमी) अडीच तासांच्या आत झाली की घरी शिरा होतो. यंदा पहिल्यांदाच साताऱ्याच्या हिल हाफला नाव घातलंय. माहीत नसलेल्यांसाठी: शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं, अर्ध्यावर वळायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. पहिला अर्धा भाग दम काढतो, दुसरा मांड्या. सरावाला वेताळ टेकडी आणि पाषाणचा रस्ता.

आता प्रश्न. आमच्या ग्रुपमध्ये एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे बुटांचे पाच जोड आहेत. मंगळवारचे वेगळे, लांब पल्ल्याचे वेगळे, शर्यतीचे तर कपाटातून काढताना हात धुतात की काय असं वाटतं. त्यांच्या मते मी एकच जोड रोज वापरते म्हणून माझी नडगी दुखतेय. माझ्या जोडाचे सहा-सातशे किलोमीटर झाले असतील. बरे दोन जोड घ्यायचे तर वीस हजारांच्या घरात जातं. आलटूनपालटून बूट वापरण्यात खरंच काही तथ्य आहे की ही नुसती दुकानदारी?

आणि दुसरं, नडगी. डावी, आतल्या बाजूने. पळायला लागलं की ठणकते, मग गरम झाल्यावर कमी होते, घरी आल्यावर परत सुरू. शर्यतीला दीड महिना आहे. थांबू की रेटू?

मंदगती
रुमाल टाकून ठेवतो. माझ्याकडेही एकच जोड आहे, आणि तोही भावाचा.

बूटपुराण
विषय जिव्हाळ्याचा, त्यामुळे लांबण लागणार.

पाच जोडवाल्या गृहस्थांची बाजू आधी. लक्झेंबर्गच्या संशोधकांनी २६४ हौशी धावकांवर २२ आठवडे लक्ष ठेवलं होतं. एकाहून जास्त जोड वापरणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी दिसला. हा आकडा बुटांच्या प्रत्येक जाहिरातवजा लेखात सापडतो. कारण असं देतात की प्रत्येक बुटाची टाचेची उंची, फोमचा मऊपणा, पुढचा वाक वेगळा असतो, त्यामुळे त्याच त्या स्नायूवर आणि हाडावर रोज तसाच मार बसत नाही.

आता दुसरी बाजू. कुणी किती जोड वापरायचे हे त्यात संशोधकांनी ठरवलेलं नव्हतं, लोकांनी आपापलं ठरवलं होतं. ज्याच्याकडे तीन जोड आहेत तो बहुधा जुना, सरावलेला गडी असतो, पळण्याकडे गांभीर्याने बघणारा असतो. मग दुखापत बुटांमुळे टळली की अनुभवामुळे? संख्याशास्त्र वापरून हे वेगळं काढायचा प्रयत्न करतात, पण पुरतं निघत नाही.

माझं मत: तथ्य आहे, पण वीस हजारांचं नाही. आणि ७०० किमी झालेला जोड असाही निवृत्तीला आलाय. साधारण ५०० ते ८०० हे आयुष्य धरतात. वजन, रस्ता आणि पाय कसा पडतो यावर कमीजास्त. नवा एक घे, जुना लगेच टाकू नकोस, छोट्या पळण्याला वापर. झाले दोन जोड.

सातारी_कंदी
टेकडीवाली ताई, या आमच्याकडं. पण घाटाचं एक सांगतो, कुणी सांगत न्हाई. चढाला कुणी मरत न्हाई. चढाला माणूस आपोआप हळू होतो, चालतो, फोटो काढतो. खरी गंमत वळल्यावर. खाली सातारा दिसतो, ढग बाजूला झाले तर अजिंक्यतारा दिसतो, आणि माणूस सुटतो उधळल्यासारखा. शेवटचे तीन किलोमीटर मांड्या अशा थरथरतात की घरच्या जिन्याला चार दिवस नमस्कार.

आणि पाऊस धरूनच चाला. त्या दिवसांत वर धुकं असतंच. २०१५ ला डोंगरातल्या शर्यतीला सगळ्यात जास्त माणसं म्हणून गिनीजमध्ये नाव गेलं आमचं, तेव्हापासनं गर्दी काय विचारू नका. नावनोंदणी उघडली की बघता बघता भरते.

ठाणेकर_काकू
@सातारी_कंदी, जिन्याचं अगदी खरं. मी मागच्या खेपेला उतरल्यावर दोन दिवस जिना उलटी उतरत होते. शेजारचे विचारतात, "वहिनी, काही व्रत आहे का?"

अनवाणी_आनंद
मी जरा वेगळं बोलणार आहे, शिव्या घालायच्या असतील तर घाला.

दोन जोड, पाच जोड हा सगळा गोंधळ मुळात बुटांनीच केलाय. अबेबे बिकिलाने १९६० साली रोममध्ये ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली. आपल्याकडचं बघा. शिवनाथ सिंग अनवाणी पळायचे, १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये अकरावे आले, आणि १९७८ साली जालंधरला त्यांनी लावलेली २ तास १२ मिनिटं ही वेळ भारतात दशकानुदशकं कुणाला गाठता आली नाही. त्याच्याही मागे जा. १९१९ ला पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींना दोराबजी टाटा आले होते, तिथे अनवाणी पळणारी गावाकडची पोरं बघून त्यांच्या मनात ऑलिंपिकला संघ पाठवायचं आलं. १९२० ला अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. कुठे होते तेव्हा बुटाच्या तळातली कडक कार्बन प्लेट आणि जेल?

मी स्वतः मैदानात अनवाणी पळतो. नडगी काय असते ते विसरलोय.

बूटपुराण
@अनवाणी_आनंद, दंडवत. फक्त एक राहिलं. बिकिलाने १९६४ ला टोकियोमध्ये परत सुवर्ण जिंकलं, तेव्हा पायात बूट होते आणि वेळ रोमपेक्षा तीन मिनिटांनी चांगली, २:१२:११. म्हणजे बुटांनी तर काही बिघडलं नाही त्याचं.

अनवाणी_आनंद
टोकियोचा रस्ता वेगळा, रोमचा वेगळा. तुलना कशी करता?

बूटपुराण
अहो मग रोम आणि वेताळ टेकडीची तुम्ही कशी केलीत?

पेठकरी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

फिजिओ_ताई
बूट राहू देत बाजूला. मला धागाकर्तीच्या नडगीची काळजी वाटतेय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण इथे बसून निदान होत नाही हे आधीच सांगते.

नडगीच्या दुखण्यात दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. एक म्हणजे ज्याला सगळे शिन स्प्लिंट म्हणतात. हाडाच्या आतल्या कडेने, चार बोटांहून जास्त लांबीवर पसरलेलं दुखणं. दाबलं की सगळीकडे थोडं थोडं दुखतं, पळताना गरम झाल्यावर कमी होतं. दुसरं म्हणजे हाडालाच झालेली इजा: आधी स्ट्रेस रिॲक्शन (हाड आतून दुखावतं), पुढे स्ट्रेस फ्रॅक्चर (हाडाला बारीक चीर). यात एका बोटाने दाखवता येईल अशी जागा असते. तिथे दाबलं की माणूस पाय ओढून घेतो. पळताना कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातं, आणि पुढे पुढे चालतानाही, रात्री झोपेतही ठणकतं.

टेकडीवाली, आज रात्री एवढं कर. अंगठ्याने कडेकडेने दाबत जा. पसरलेलं आहे की एकाच जागी, ते बघ. एकाच जागी असेल तर पळणं बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञ. आणि हो, सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. "एक्स-रे नॉर्मल आहे, पळा" असं कुणी म्हणालं आणि दुखणं तसंच असेल, तर एमआरआयचं विचार.

पसरलेलं असेल तर पूर्ण थांबायची गरज बहुतेक वेळा नसते. अंतर निम्म्यावर आण, उतार बंद कर, आणि पोटऱ्या मजबूत कर. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. वाकवून केल्यावर खालचा सोलिअस स्नायू कामाला लागतो. पळताना तोच सगळ्यात जास्त राबतो, आणि तोच सगळे विसरतात.

नागपूरचा_भाऊ
फिजिओ ताई, एक नंबर. आमच्या फुटाळ्यावर एक जण रोज नडगीले तेल चोळून पळत होता. तेल संपलं, दुखणं नाही संपलं. शेवटी हाडात चीर निघाली.

उन्हाळ्यात नागपुरात पळायचं म्हणजे पहाटे साडेचारला बाहेर. पाच वाजता निघाला त्याले आम्ही "दुपारच्या बॅचचा" म्हणतो.

सकाळपाळी
१० टक्क्यांचा नियम पाळला की नडगी दुखत नाही. आठवड्याचं अंतर १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही. साधी गोष्ट आहे, लोक ऐकत नाहीत.

आकडेमोड
@सकाळपाळी, नियम साधा आहे, पण त्याला आधार फार कच्चा आहे. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला नवशिक्या धावकांचे दोन गट करून हे तपासलं होतं, २००८ ला प्रसिद्ध झालं. एका गटाने १३ आठवडे १० टक्क्यांच्या हिशोबाने अंतर वाढवलं, दुसऱ्याने नेहमीचा ८ आठवड्यांचा कार्यक्रम केला. दुखापतीचं प्रमाण २०.८ आणि २०.३ टक्के. फरक नाहीच.

त्यापेक्षा २०२५ मध्ये आलेली माहिती मला जास्त पटते. पाच हजारांवर धावकांच्या घड्याळांतल्या नोंदी बघितल्या. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकेका पळण्याची उडी महाग पडते असं त्यात दिसलं: गेल्या महिन्याभरातल्या सगळ्यात लांब पळण्यापेक्षा आजचं पळणं १० टक्क्यांहून जास्त लांब केलं की धोका वाढतो. आठवडाभर पाच-पाच किलोमीटर आणि रविवारी ग्रुपच्या नादाने अठरा, हे आपलं ठरलेलं. बेरीज छान दिसते. नडगीला बेरीज कळत नाही.

सकाळपाळी
पण माझं आजवर काही दुखलं नाही त्या नियमाने.

आकडेमोड
तुमचं काही दुखत नाही कारण तुम्ही पळण्याइतकंच झोपता, हे तुम्हीच मागच्या धाग्यात लिहिलं होतं. हलकेच घ्या.

अटकेपार
टोरांटोहून. इथे जोडांचा प्रश्न हवामानच सोडवतं. बर्फाचा जोड आणि बर्फ नसतानाचा जोड. हिवाळ्यात तळाला पकड नसलेला बूट घातला तर नडगी दुखायच्या आधी कंबर मोडते. उणे पंधरात पळताना मिशीला बर्फ लागतो. गेल्या हिवाळ्यात आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला, तेव्हापासून ती फोनवर आधी पळतोस का विचारते, मग जेवलास का.

गोंयकार
आमच्याकडे बर्फ नाही, पण जून ते सप्टेंबर बूट वाळत नाहीत. एकदा भिजला की तिसऱ्या दिवशी आतून जो वास येतो, मांजरसुद्धा पडवीत यायचं बंद होतं. दोन जोड का लागतात याचं आमच्यापुरतं उत्तर एवढंच. संशोधन वगैरे नंतर.

ठाणेकर_काकू
@गोंयकार, हेच लिहायला आले होते. येऊरला पावसात पळून आलं की बूट आतबाहेर चिंब. बूट वाळवायची माझी रीत: आल्या आल्या आतलं सोल काढायचं, नाडी पूर्ण सैल करायची, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. तासाभराने बोळे बदलायचे, नंतर पंख्याखाली. उन्हात नाही, गीझरवर नाही, आणि फ्रिजच्या मागे तर मुळीच नाही. उष्णतेने गोंद सुटतो आणि फोम कडक होतो. ओल्या बुटाने दुसऱ्या दिवशी पळलात तर फोड येतात, फोड आले की पाय वाकडा पडतो, पाय वाकडा पडला की गुडघा. माझ्या मते पावसाळ्यात दोन जोड ही चैन नाही, इतर आठ महिने असेल.

मोजे सुती नकोत. ओले झाले की ओलेच राहतात.

मंदगती
काकू, वर्तमानपत्र कुठलं? आमच्याकडे पुरवण्या जास्त, बातम्या कमी, शोषून घेण्याची क्षमता भरपूर.

पेठकरी
प्रश्न दोन जोडांचा होता. चर्चा रोम, बर्फ, मांजर करत वर्तमानपत्रावर आली. धागा योग्य मार्गावर आहे.

वेगवान_विक्रम
सगळे जुन्या जमान्यातले. कार्बन प्लेटचे बूट घ्या, विषय संपवा. मी घेतले तेव्हापासून किलोमीटरमागे वीस सेकंद कमी. एक जोड, पण खरा जोड. ४ टक्के ऊर्जा वाचते हे सिद्ध झालंय.

बूटपुराण
@वेगवान_विक्रम, ते ४ टक्के ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने पळणाऱ्यांवर मोजलेले आहेत. ताशी १० च्या वेगाला तपासलं तेव्हा सरासरी फायदा साधारण १ टक्का निघाला, आणि काहींना तोटाच झाला. अडीच तासांच्या हाफवाल्याचा वेग ताशी साडेआठ. हिशोब करा.

शिवाय यवतेश्वरच्या उतारावर, ओल्या डांबरावर, इतका उंच आणि मऊ तळ म्हणजे घोटा मुरगळायला आमंत्रण. शर्यतीच्या बुटांच्या तळाला जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने ४० मिलिमीटरची मर्यादा घातली आहे. चाळीस मिलिमीटर म्हणजे विटेच्या निम्म्याहून जास्त उंची, लक्षात घ्या.

वेगवान_विक्रम
मग माझे वीस सेकंद कुठून आले?

पेठकरी
बुटांची किंमत आठवून पाय आपोआप उचलले गेले असतील.

काकडआरती
वय वर्षं ६७, बँकेतून निवृत्त झाल्यावर पळायला लागलो. थोडं माझंही.

बूट घेताना मी संध्याकाळी जातो, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात. पळायचे मोजे घालून जातो. अंगठ्यापुढे एक बोट जागा हवीच, नाहीतर उतारावर अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं. टेकडीवाली ताईंनी साताऱ्यासाठी हे ध्यानात ठेवावं. नाडीची शेवटची दोन भोकं रिकामी असतात, त्यांतून नाडीचा फास करून बांधली की टाच मागे बसते, पाय पुढे घसरत नाही. हे मला एका पोरसवदा दुकानदाराने शिकवलं, त्या बदल्यात मी त्याला मुदतठेवींचं समजावलं.

मागच्या वर्षीचं मॉडेल घ्या. नवं आलं की जुन्यावर चाळीस-पन्नास टक्के सूट मिळते. रंग भडक असतो. या वयात कोण बघतंय?

आणि रस्त्यावरचे "फर्स्ट कॉपी" बूट पळायला घेऊ नका. लग्नात घाला.

नागपूरचा_भाऊ
काका, लग्नात तर चोरी होतात बूट. म्हणजे फर्स्ट कॉपीच बरोबर.

धावती_गृहिणी
नडगीचा विषय निघालाच आहे तर बायकांसाठी एक मुद्दा, कारण पुरुष मंडळी हा सांगत नाहीत. मागे मला सतत थकवा, पळण्यात जीव नाही, आणि पायात सारखं काहीतरी दुखतंय असं झालं होतं. बूट बदलले, कोच बदलला. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन काठावर आणि फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) तळाला. सोबत ड जीवनसत्त्वही कमी. पाळी सुरू असलेल्या, शाकाहारी आणि भरपूर पळणाऱ्या बाईत हे सर्रास दिसतं असं डॉक्टर म्हणाल्या. गोळ्या त्यांनी तपासून दिल्या, मनाने घेऊ नका, लोह जास्त झालं तरी त्रासच.

एक सवय मात्र मी लगेच बदलली, जेवणावर चहा बंद. चहाने लोह नीट शोषलं जात नाही. पोह्यांवर लिंबू पिळायचं, चहा तासाभराने.

टेकडीवाली
सगळ्यांचे आभार, वाचतेय. @धावती_गृहिणी, पोहे आणि चहा वेगळे करायचे? घरात बंड होईल.

@फिजिओ_ताई, दाबून बघितलं. बरीचशी कड दुखते, पण घोट्यापासून वीतभर वर एक जागा आहे, तिथे दाबलं की डोळ्यांत पाणी. काल जिना उतरतानाही तिथेच कळ आली. उद्याची वेळ घेतलीय डॉक्टरांची.

फिजिओ_ताई
छान केलंस. तोवर पळू नकोस. "थोडंसंच" पण नाही.

सातारी_कंदी
काळजी घ्या ताई. घाट कुठं जात न्हाई, पुढच्या वर्षी तिथंच असतो.

हाफतिकीट
अवांतर: साताऱ्याला पाणी किती प्यायचं? मी दर स्टॉलला दोन ग्लास पितो, तरी शेवटी डोकं दुखतं.

आकडेमोड
@हाफतिकीट, कदाचित म्हणूनच दुखत असेल. अडीच-तीन तास नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या रेषेवर ४८८ जणांचं रक्त तपासलं, १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. शर्यतीत वजन वाढलेले आणि चार तासांहून जास्त वेळ घेणारे त्यात जास्त होते. म्हणजे आपल्यासारखेच. तहान लागली की प्या.

ठाणेकर_काकू
आणि ओआरएस घेणार असाल तर पाकिटावर लिहिलंय तितक्या पाण्यातच. मोठं पाकीट एक लिटरचं असतं. अर्ध्या ग्लासात ते सगळं ढवळून पिणारा माणूस मी मरीन ड्राइव्हवर पाहिलाय. पुढचा किलोमीटर त्याने समुद्राकडे तोंड करून काढला.

उतारवीर
उताराबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असतानाच ब्रेक लावत असतो. स्नायूला ते सगळ्यात जड जातं, दोन दिवसांनी जे दुखतं ते त्याचंच. पण शरीर हे पटकन शिकतं. एकदा उताराचा सराव झाला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराचा त्रास पुष्कळ कमी होतो. म्हणून शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी उताराचे एक-दोन सराव करायचे, शेवटच्या आठवड्यात नाही. पावलं छोटी, वेगाने पडणारी. टाच पुढे रोवून थांबवत थांबवत उतरायचं नाही.

टेकडीवाली, तुझी नडगी बरी होईपर्यंत यातलं काही करू नकोस. बाकीच्यांसाठी लिहिलंय.

अनवाणी_आनंद
अनवाणी पळलं की पावलं आपोआप छोटी पडतात. सहज सांगितलं.

फिजिओ_ताई
@अनवाणी_आनंद, पडतात, मान्य. ज्याचं बालपण अनवाणी गेलंय त्याचा पाय वेगळा असतो, हेही मान्य. पण २०१० च्या सुमारास अनवाणी पळायची लाट आली, तेव्हा वीस वर्षं बुटात वावरलेले लोक एका महिन्यात बूट काढून मोकळे झाले. मग पावलाच्या हाडांचे स्ट्रेस फ्रॅक्चर घेऊन दवाखान्यात. तुम्ही मैदानातल्या मातीवर पळता, हळूहळू वाढवत गेलात, तुम्हाला जमलं. कोथरूडच्या पेव्हर ब्लॉकवर हा प्रयोग सांगू नका कुणाला.

अनवाणी_आनंद
पेव्हर ब्लॉकबद्दल शंभर टक्के सहमत. ते बूट घालूनसुद्धा पळायच्या लायकीचे नाहीत.

पेठकरी
धाग्यावर एकमत झालं. तारीख नोंदवून ठेवा.

टेकडीवाली
एमआरआय झाला. स्ट्रेस रिॲक्शन आहे, चीर नाही. सहा आठवडे पळणं बंद, चालताना दुखत नसेल तर चालायला परवानगी, पोहणं आणि सायकल चालेल. म्हणजे सातारा गेलं.

डॉक्टरांना बुटांचं विचारलं. त्यांनी घड्याळातल्या नोंदी मागितल्या. मे महिन्यात लांबचं पळणं बारावरून एकदम अठरावर, त्याच आठवड्यात टेकडीचे तीन सराव. "बुटाला कशाला दोष देता?" एवढंच म्हणाले. फेरिटिनही तपासायला सांगितलंय, तुमचं वाचून मीच विषय काढला, @धावती_गृहिणी.

दोन जोडांचं म्हणाल तर @बूटपुराण आणि काकूंचं ऐकायचं ठरवलंय. एक नवा, मागच्या वर्षीच्या मॉडेलचा, आणि जुना पावसात चालायला. पाच जोडवाल्यांना कळवलं. ते म्हणाले, "तरी मी सांगत होतो."

आकडेमोड
बारावरून अठरा. वर लिहिलेलं सोदाहरण. तुझ्या पायावर नको होतं व्हायला. लवकर बरी हो.

हाफतिकीट
वाईट वाटलं. पण मग तुझा साताऱ्याचा बिब (छातीवर लावायचा नंबर) वाया जाणार ना? मला नोंदणी मिळाली नाही. मी धावू का तुझ्या नंबरवर? पैसे देतो.

काकडआरती
हाफतिकीट, हे करू नका. बिबच्या मागे नाव, रक्तगट आणि घरच्यांचा फोन असतो. वाटेत तुम्हाला चक्कर आली तर फोन ताईंच्या यजमानांना जाणार, आणि रक्तगट ताईंचा धरला जाणार.

मंदगती
शिवाय निकालात महिला गटात पहिला येशील.

पेठकरी
महिला गटात पहिला यायला दीड तासाच्या आसपास पळावं लागेल. हाफतिकीटला तिथेही धोका नाही.

हाफतिकीट
बरं बरं, सोडलं. अपमान करायची गरज नव्हती.

सातारी_कंदी
हाफतिकीट भाऊ, पळायला नसलं तरी या. घाटात स्वयंसेवक लागतातच, पाणी वाटायला, केळी सोलायला. टेकडीवाली ताई, तुम्ही पण. वर धुक्यात उभं राहून लोकांचे चेहरे बघायला पळण्यापेक्षा मजा आहे. नंतर मिसळ आपल्याकडनं.

टेकडीवाली
येते. उभं राहायला डॉक्टरांची हरकत नसेल तर. खुर्ची मिळेल का?

सातारी_कंदी
प्लॅस्टिकची मिळंल. ओली असंल.

धावती_गृहिणी
केळ्यांबरोबर उकडलेले बटाटे मीठ लावून ठेवा हो कुणीतरी. दर शर्यतीत गोड गोड खाऊन जीव विटतो.

ठाणेकर_काकू
@टेकडीवाली, नवा जोड घेतलास का अजून? सहा आठवडे नुसता ठेवणार असशील तर माझ्या भाचीला हवाय. नंबर काय?

टेकडीवाली
यूके साडेपाच. आणि नाही देणार, काकू. काल घरात घालून फिरले, फार मऊ आहेत.